मेनला ना?

आमची मुलगी एम.एस्सी.ला आहे, सेंद्रिय रसायनशास्त्राला. हे वाक्य गेल्या दीड वर्षात मी निदान दोनशे वेळा बोललो असेन, आणि दोनशे वेळा समोरच्याने एकच प्रश्न विचारला. ती राहते कुठे, मेसचे जेवण कसे आहे, पुढे काय करायचा विचार आहे, यातले काही नाही. "मेनला ना?" एवढेच.

नाही. उपपरिसरात.

यावर माणसे "अच्छा" म्हणतात. हा अच्छा मी आता लांबून ओळखतो. तो जोरात सुरू होतो आणि "च्छा"पाशी येईपर्यंत त्यातली हवा गेलेली असते. काही जण दोनदा म्हणतात, त्यातला दुसरा सांत्वनाचा. शेजारच्या काकू तर "असू दे हो" म्हणाल्या. मुलीला कावीळ झाली आहे असे सांगितले असते तरी त्या हेच म्हणाल्या असत्या, वर मुळ्याचा पाला आणून दिला असता. या प्रकरणात पालाही आला नाही.

विद्यापीठाचे नाव मी इथे लिहीत नाही. आमचा एक कागद सध्या त्यांच्याकडे आहे.

मुख्य परिसर मोठ्या शहरात आहे. दगडी कमान, आत दुतर्फा गुलमोहर, कुलगुरूंच्या इमारतीसमोर कारंजे. ते दीक्षान्त समारंभाच्या दिवशी चालते. उपपरिसर तिथून एकशे चाळीस किलोमीटरवर, एका तालुक्याच्या गावाबाहेर, माळावर. एसटीच्या थांब्याला 'विद्यापीठ फाटा' म्हणतात, आणि फाट्यावर उतरले की विद्यापीठ दीड किलोमीटर आत राहते. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर कमानीचा रंगीत फोटो आहे. उपपरिसर पान ३८ वर आहे आणि त्याचा फोटो नाही, संकल्पचित्र आहे. त्यात निळ्या काचा, कारंजे, हिरवळ आणि हिरवळीवर लॅपटॉप घेऊन बसलेली चार परदेशी मुले आहेत. प्रत्यक्षात त्यातली इमारत झाली आहे.

प्रवेशाचे म्हणाल तर दोन्हीकडे सगळे एकच. प्रवेश परीक्षा एक, पेपर एक, तारीख एक, फी एक, अभ्यासक्रम एक. पदवीच्या कागदावर परिसराचे नावसुद्धा येत नाही. फॉर्मच्या शेवटी पसंतीक्रमाचे दोन चौकोन असतात, तेवढाच काय तो फरक. मुलीला शंभरपैकी ६१ पडले. पहिल्या यादीत खुल्या प्रवर्गात मेन ६४ ला थांबले आणि उपपरिसर ४७ ला. म्हणजे एकाच दुपारी, एकाच पीडीएफमध्ये, ती पान २ वर तीन गुणांनी कमी पडली होती आणि पान ५ वर चौदा गुणांनी वर होती. आमच्या नातेवाइकांनी पान २ पर्यंतच वाचले.

मी पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक आहे, त्यामुळे ही यादी मला लगेच समजली. ही चारी आहे. जो तो पहिल्या चौकोनात मेन लिहितो. मुखाशी असलेले रान आधी भिजते, उरले तर पाणी पुढे सरकते, आणि शेपटाच्या शेतकऱ्याच्या वाट्याला जे येते त्यावरून गाव त्याची अक्कल ठरवते. आमच्याकडे निदान नियम तरी उलटा आहे. आवर्तन सोडले की आधी शेपटाला पाणी द्यायचे आणि मग एकेक करत वर मुखाकडे यायचे. खात्यात त्याला 'टेल टू हेड' म्हणतात. मुखाच्या शेतकऱ्याला पाणी दाराशीच दिसत असते, तो कुठे जात नाही, हे त्यामागचे शहाणपण. नियम पाळला जातो का, ते मला विचारू नका, मी आस्थापना शाखेला आहे. पण नियम आहे.

कट-ऑफविषयीही एकदा बोलले पाहिजे. लोक हा शब्द असा उच्चारतात की जणू कुलगुरूंच्या अध्यक्षतेखाली बैठक झाली, चहा झाला आणि यंदाचा दर्जा ६४ ठेवावा असा ठराव एकमताने मंजूर झाला. तसे काही घडत नाही. खुल्या जागा अकरा असतील तर रांगेतला अकरावा आत गेला की दार बंद, आणि त्याच्या हातात जो आकडा असेल तो कट-ऑफ. तो रांग किती लांब होती ते सांगतो. आत काय शिकवतात ते सांगत नाही. उपपरिसरात आमच्या मुलीच्या वर्गात ७८ गुणांची एक मुलगी आहे. तिचे गाव फाट्यापासून सहा किलोमीटरवर, घरी दोन म्हशी आणि आजारी आजी, म्हणून तिने पहिल्या चौकोनात उपपरिसर लिहिला. ती मेनच्या यादीतही पहिल्या पाचांत आली असती. पण उपपरिसर ओळखला जातो तो ४७ वरून, तिच्यावरून नाही.

आणि मेन ज्याच्यावरून ओळखले जाते तो अकरावा माणूस मला माहीत आहे. तो आमच्या साडूंचा मुलगा.

साडूंना आम्ही भाऊसाहेब म्हणतो. माणूस चांगला आहे, अडीनडीला धावून येतो, फक्त येताना "आमचा मेनला आहे" हे वाक्य बरोबर आणतो. त्याला निमित्त लागत नाही. चहा घेणार का, असे विचारले तरी "घेऊ की, परवा आमच्याकडेही झाला, आमचा मेनहून आला होता" असे उत्तर येते. मुलाला ६४ पडले हे ते सांगत नाहीत. "मेनचा कट-ऑफ चौसष्टला लागला" असे सांगतात. आकडा तोच आहे आणि दोन्ही वाक्ये खरी आहेत, त्यामुळे मला हरकत घेता येत नाही.

मग तिसरी यादी आली. रात्री नऊ वाजून चाळीस मिनिटांनी, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत हजर राहायचे होते. मेन ६१ पर्यंत उतरले होते. त्यात आमच्या मुलीचे नाव होते, सर्वांत खाली. तोवर उपपरिसरात तिचे तीन आठवडे झाले होते. मेनला जायचे तर आधी उपपरिसरातला प्रवेश रद्द करायचा, रद्द केल्याच्या अर्जावर तिथल्या विभागप्रमुखांची सही घ्यायची, तो अर्ज मेनला नेऊन मंजूर करून घ्यायचा आणि मग त्याच मेनला नवा प्रवेश घ्यायचा. विभागप्रमुख त्या दिवशी बैठकीसाठी मेनला गेले होते.

घरात रात्री बारापर्यंत चर्चा झाली. मी वेळापत्रक काढून बसलो होतो, सौ. देवापुढे बसली होती. मुलगी फोनवर होती. तिने दोनच प्रश्न विचारले. मेनला मुलींच्या हॉस्टेलला जागा आहे का? नव्हती, प्रतीक्षा यादी होती. तिथे प्रयोगशाळेत एका फ्यूम हूडवर किती जण असतात? ते मला कुठून माहीत असणार. तिने मैत्रिणीला विचारले. सात. "इथं आम्ही दोघी आहोत," ती म्हणाली आणि झोपायला गेली.

हे कळल्यावर भाऊसाहेब अस्वस्थ झाले. आम्ही मेन सोडले म्हणून असेल असे मला वाटले, पण तसे नव्हते. "एकसष्टपर्यंत खाली आले म्हणजे काय?" ते म्हणाले. "यंदा मेनचा दर्जा घसरला."

तेव्हापासून मी या विषयात लक्ष घातले. ऑफिसात दुपारी वेळ असतो. पुढच्या कार्यात भाऊसाहेबांना निरुत्तर करायचे एवढाच हेतू होता, ज्ञान मिळाले ते ओघाने.

गणपतीत मी पहिली तोफ डागली. म्हटले, भाऊसाहेब, मेन मेन करता, पण १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीन विद्यापीठे निघाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची, एवढेच त्यांचे काम. शिकवायचे कॉलेजांनी. मेनला वर्गच नव्हते, तिथे प्रवेश कोण घेणार? प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावाने दिलेला राजाबाई टॉवर १८७८ मध्ये उभा राहिला, त्यातही ग्रंथालय आणि घड्याळ. पुढे कलिन्याला विद्यानगरी वसली आणि बरेचसे विभाग तिकडे गेले. आता कुलगुरूंची खुर्ची फोर्टात आणि मुले कलिन्यात, तर यातले मेन कोणते? भाऊसाहेबांनी मोदकावर तूप घेतले, नीट मुरू दिले आणि म्हणाले, "पण मेन होतं ना?"

दुसरी तोफ वास्तुशांतीला. सोलापूर. शिवाजी विद्यापीठ कोल्हापूरला निघाले १९६२ मध्ये, आणि सोलापूरला त्याचे पदव्युत्तर केंद्र होते. सोलापूरची मुले तेव्हा आमच्या मुलीसारखीच, उप. २००४ मध्ये सरकारने सोलापूर विद्यापीठ काढले आणि ते केंद्र रातोरात मेन झाले. त्या रात्री इमारतीत काही बदल झाला नव्हता. तेच फळे, तेच नळ, पाटी तेवढी नवी. गोव्याचेही तेच. पणजीत मुंबई विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र होते, १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ सुरू झाले आणि मुंबईच्या शेपटाला असलेली मुले मुखाशी आली. अख्खा मराठवाडा १९५८ पर्यंत हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या शेपटाला होता, आज छत्रपती संभाजीनगर मेन आहे आणि धाराशिव त्याचा उपपरिसर. माटुंग्याची यूडीसीटी घ्या. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून निघाली, २००८ मध्ये स्वतःच अभिमत विद्यापीठ झाली आणि २०१८ मध्ये तिने जालन्याला आणि भुवनेश्वरला आपले परिसर काढले. कालचा उप, आजचा मेन, आणि त्याला स्वतःचे दोन उप. हे मी एका दमात म्हटले. मला पाणी दिले गेले. भाऊसाहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "होईल, तुमचंही होईल कधीतरी." रखडलेल्या पदोन्नतीविषयी साहेब ज्या सुरात बोलतात, तोच सूर.

तिसरी तोफ मी राखून ठेवली होती. बिट्स. हिचे मेन राजस्थानात, झुंझुनू जिल्ह्यातल्या पिलानीत, १९६४ पासून. गोव्याचा परिसर २००४ चा, हैदराबादचा २००८ चा. प्रवेश परीक्षा एक, ३९० गुणांची, आणि पदवीही एकच. तरी कंप्युटर सायन्सला पिलानीचा आकडा गोव्याच्या वर लागतो. म्हणजे दाबोळीला विमानातून उतरून पंधरा-वीस मिनिटांत वर्गात जाता येते, जवळच समुद्र आहे, तो 'लहान परिसर'. आणि वाळू तुडवत जायचे ते मेन. आमचा उपपरिसर माळावर आहे म्हणून लोक नाक मुरडतात, मग पिलानीत काय मरीन ड्राइव्ह आहे का? हा मुद्दा बिनतोड आहे असे माझे आजही मत आहे. "छे, छे," भाऊसाहेब म्हणाले, "पिलानी म्हणजे पिलानीच."

त्यानंतर मी वाचन थांबवले.

खरे म्हणजे 'उप' या अक्षरांची मला लाज वाटायचे कारण नाही. माझी सगळी नोकरी उपविभागात गेली. रात्री दोनला कालवा फुटला की मातीची पोती घेऊन उपविभाग धावतो. विभाग सकाळी अकराला "याबाबत तात्काळ खुलासा करावा" असे पत्र पाठवतो. राज्याला एका वेळी दोन-दोन उपमुख्यमंत्री झाले, त्यांना कोणी "अच्छा" म्हटल्याचे ऐकिवात नाही.

उपपरिसराला उणे काही नाही असे मात्र मी म्हणणार नाही. निम्मे शिक्षक तासिका तत्त्वावर आहेत आणि त्यांचे मानधन कधी येईल हे मानधनालाच माहीत. वसतिगृहात खोल्या रिकाम्या आहेत, पाणी दिवसाआड. मुलीने चार दिवस खपून एखादा पदार्थ तयार केला की तो खरेच तयार झाला का हे एनएमआर यंत्र सांगते, आणि ते यंत्र मेनला आहे. मग बोटाएवढ्या बाटलीत तो पदार्थ भरायचा, चिठ्ठी लावायची आणि थर्मोकोलच्या डब्यात ठेवून गुरुवारची वाट पाहायची. गुरुवारी शिपाई टपाल घेऊन एसटीने मेनला जातो. त्याच्या मांडीवर टपालाची पिशवी आणि पायाशी अख्ख्या वर्गाचे संशोधन असते. मेनच्या मुलांचे नमुने संपले की यांचे लागतात. एकदा डबा परत आला, 'चिठ्ठी वाचता येत नाही' असा शेरा मारून. तो शेराही वाचता येत नव्हता.

पण हे सगळे एका बाजूला आणि शिक्का एका बाजूला. उपपरिसराकडे गोल शिक्का नाही. त्यांच्याकडे लांबट शिक्का आहे, त्यात विद्यापीठाचे पूर्ण नाव, गावाचे नाव, पिनकोड, सगळे आहे. चांगला निळा उमटतो. पण सरकारी कागदपत्रांच्या जगात लांबट शिक्क्याला कोणी विचारत नाही, हे तीस वर्षे शिक्के मारलेला माणूस म्हणून मी सांगू शकतो. गोल तो गोल. एकाच परीक्षेतून, एकाच यादीतून, एकच फी भरून आलेल्या मुलांपैकी साडूंचा मुलगा विभागातून खाली उतरून पाच मिनिटांत गोल शिक्का घेतो, आणि आमच्या मुलीच्या कागदाला त्यासाठी एकशे चाळीस किलोमीटर जावे लागते. प्रवेशातला खरा फरक कोणता, असे मला कोणी विचारले तर मी तीन गुण म्हणणार नाही, शिक्क्याचा आकार म्हणेन. अजून कोणी विचारलेले नाही.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मागच्या महिन्यात ऑफिसात नवे साहेब आले. ओळख करून देताना मुलांचा विषय निघाला आणि त्यांनी विचारले, "मेनला ना?" मी म्हणालो, "मेनला लागला होता नंबर, पण आम्हीच नाही घेतलं." साहेबांनी अच्छा म्हटले नाही, "अरे वा" म्हटले. मला इतके बरे वाटले की संध्याकाळी किराणा दुकानदाराला मी न विचारता तेच सांगितले. नंतर गॅस सिलिंडरवाल्यालाही. दिवाळीत मुलगी घरी असताना काकू फराळाला आल्या, तेव्हा पुन्हा सांगितले. काकू गेल्यावर मुलगी चकलीचा डबा बंद करत म्हणाली, "बाबा, तुम्ही भाऊसाहेबांसारखं बोलायला लागलात." त्यावर मी काही बोललो नाही. सौ. हसत होती, ते मी पाहिले.

आता त्या कागदाविषयी. मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी बोनाफाईड हवे आहे, गोल शिक्क्याचे. अर्ज १८ जुलैच्या गुरुवारच्या टपालाने मेनला गेला. ऑगस्टमध्ये तो 'वर' होता, सप्टेंबरमध्ये सही करणाऱ्या मॅडम रजेवर होत्या, ऑक्टोबरमध्ये तो 'खाली आला असेल' असे सांगण्यात आले. शिष्यवृत्तीची मुदत या महिनाअखेर संपते. वाचकांपैकी कोणी सोमवारी मेनला जाणार असेल तर कृपया खिडकी क्रमांक ४ वर विचारावे. आवक क्रमांक २३१७. जेवणाची सुट्टी दीड ते अडीच अशी लिहिली आहे, तरी सव्वातीनच्या आत जाऊ नये. आणि कागद कोणत्या परिसराचा आहे, हे त्यांनी विचारल्याशिवाय सांगू नये.